माणसांचा बाजार आणि संविधानाचे कलम २३

दरवर्षी २६ नोव्हेंबरला वस्त्यावस्त्यांत संविधान दिन साजरा होतो. विहारात, समाजमंदिरात, चौकात उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, व्याख्याने होतात, मुलांना वह्या वाटल्या जातात. ते व्हायलाच हवे. पण नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातील आणि आजूबाजूच्या दुष्काळी पट्ट्यातील कितीतरी वस्त्या ओस पडलेल्या असतात. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर दारात येतात. भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या आणि कडेवरची पोरे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील नाहीतर कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि कुलपे. उद्देशिका वाचायला वस्तीत कोण उरते, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारतो काय?

या प्रवासाला सरकारी कागदावर 'हंगामी स्थलांतर' म्हणतात. शब्द मोठा निरुपद्रवी आहे. पक्षी स्थलांतर करतात, तसे मजूरही करतात, असा भास त्यातून होतो. पण पक्ष्याने कुणाकडून उचल घेतलेली नसते आणि परत फिरावेसे वाटले तर त्याला कुणी अडवत नाही. म्हणून आज आम्हाला या शब्दाच्या आड दडलेल्या दुसऱ्या शब्दाबद्दल बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे मानवी तस्करी. संविधानाच्या मराठी भाषेत, माणसांचा अपव्यापार.

मानवी तस्करी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले चित्र येते. कुणा गुंडाने मुलगी पळवली, रेल्वेत बसवली, महानगरातील कोठीवर विकली. असे घडते, आजही घडते आणि त्याची भीषणता कमी लेखण्याचे कारण नाही. पण तस्करी एवढीच आहे असे मानणे ही फार मोठी फसवणूक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ४ कोटी ९६ लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात. सक्तीच्या श्रमातील या माणसांपैकी लैंगिक शोषणात अडकलेली ६३ लाख होती. शेती, बांधकाम, कारखाने, घरकाम अशा खासगी कामांत जुंपलेली १ कोटी ७३ लाख. म्हणजे गुलामगिरीचा सर्वांत मोठा कारखाना कोठीवर नाही. तो शेतात, भट्टीवर, बांधकामावर आणि बंद दाराआडच्या स्वयंपाकघरात चालतो.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली केलेल्या आणि भारताने २०११ साली मान्य केलेल्या पालेर्मो मसुद्यात तस्करीची व्याख्या तीन गोष्टींवर उभी आहे. एक, कृती: माणसाला मिळवणे, नेणे, ठेवून घेणे. दोन, साधन: जबरदस्ती, फसवणूक किंवा त्याच्या असहायतेचा गैरफायदा. तीन, हेतू: त्याचे शोषण. यातील 'असहायतेचा गैरफायदा' हे शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावेत. माणसाला बांधायला साखळदंडच लागतो असे नाही. भूक, कर्ज आणि जात एवढी दोरी पुरते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते

ही दोरी बाबासाहेबांइतकी जवळून दुसऱ्या कुणी पाहिली असेल असे आम्हाला वाटत नाही. महार वतन म्हणजे काय होते? नाममात्र मोबदल्यावर गावाच्या आणि सरकारच्या कामाला चोवीस तास बांधलेली माणसे. रोगी असो, बाळंतीण घरात असो, निरोप आला की धावायचे. आणि घरातला एक पुरुष गेला नाही तर दुसऱ्याने जायचे. ही वेठ होती, पण तिला 'वतन' हे मानाचे नाव होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. मधली तीस वर्षे त्या मानाच्या नावाखाली वेठ चालूच राहिली.

१९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि वाघ्यांच्या सभेत बाबासाहेब बोलले. त्यांनी त्यांना ते जिणे सोडायला सांगितले. त्या काळातील पुढारी या स्त्रियांच्या सभेला जायलाही कचरत असतील. बाबासाहेबांनी मात्र त्यांना चळवळीच्या बाहेरचे मानले नाही. देवाच्या नावाने मुलगी सोडणे, तिला शहरात आणणे आणि तिथे तिच्या देहावर दलालाने जगणे ही एकच साखळी आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

१९४७ साली लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही सक्तीचे श्रम हा गुन्हा ठरवावा अशी त्यांची मागणी आहे. तीच भूमिका संविधानाच्या कलम २३ मध्ये आली. माणसांचा अपव्यापार, बिगार आणि तत्सम सक्तीच्या श्रमांना या कलमाने मनाई केली आणि त्याचे उल्लंघन हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. मूलभूत हक्कांपैकी बरेचसे हक्क सरकारविरुद्ध आहेत. पण अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि हे कलम २३ खासगी माणसालाही बांधतात. सावकाराला, ठेकेदाराला, कारखानदाराला, मालकिणीला. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हेही सक्तीचे श्रमच होत, कारण उपाशी माणसाची 'संमती' ही संमती नसते, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

रूपे वेगळी, दोरी एकच

आता या बाजाराची रूपे पाहू. पहिले रूप उचलीचे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसाची ओळखच हत्याराच्या नावाने होते, यातच सारे आले. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, मुलीचे लग्न असते, दवाखान्याचे देणे असते. तेव्हा मुकादम उचल देतो. ती उचल फिटेपर्यंत तोड करायची. एक दिवस आजारी पडले तर 'खाडा', म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. हंगाम संपला तरी हिशेबात बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते. हिशेबाची वही मुकादमाकडे, अंगठा मजुराचा.

या खाड्याच्या भीतीने काय केले, ते २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. पाळीचा त्रास, पांढरे जाणे, पोटदुखी यावर औषध घ्यायला सुटी नाही, राहायच्या कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही. मग डॉक्टर सांगतो 'पिशवी काढून टाका' आणि शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. साखरेच्या भावावर विधिमंडळात तासन्तास चर्चा झडतात. या १३,८६१ बायांच्या देहाचा भाव कोणत्या खात्यात मांडला गेला?

प्रत्येक ऊसतोड मजूर वेठबिगार आहे असे आम्ही म्हणत नाही. उचल घेणे हा गुन्हा नाही आणि देणेही नाही. पण त्या उचलीपोटी माणसाला दुसरीकडे काम करू न देणे, गाव सोडून जाऊ न देणे, किमान वेतनाहून कमी देणे, पळाला तर धरून आणणे, बायको-पोरांना ओलीस ठेवणे, ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याची व्याख्या हेच सांगते.

दुसरे रूप भट्ट्यांचे. रायगड, ठाणे, पालघरकडील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर अशाच आगाऊ रकमेपोटी जातात. यातून लेकरेही सुटत नाहीत. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी मुले मेंढ्या राखण्यासाठी मेंढपाळांकडे 'ठेवल्याचे' उघड झाले. त्यांच्या बदल्यात आईबापांच्या हाती पडले होते थोडेसे पैसे आणि एखादी मेंढी. हे उघड कधी झाले? त्यांतील दहा वर्षांच्या एका मुलीने जीव सोडल्यावर! ती जगली असती तर कुणाला कळलेही नसते, आणि तिच्यासारख्या आणखी किती जणी रानात फिरत आहेत हे आजही कुणाला माहीत नसावे.

तिसरे रूप देहबाजाराचे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडचा कर्नाटक या पट्ट्यातून यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुली मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत पोचवल्या गेल्या, हा काही जुना इतिहास नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. एकाच प्रथेसाठी पुन्हा पुन्हा कायदा करावा लागतो, याचा अर्थ आधीचा कायदा कागदावरच राहिला असाच होतो. संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी धर्माच्या नावाने देवदासी करण्याचा उल्लेख त्यात स्पष्टपणे घालावा अशी दुरुस्ती सुचवली होती. ती स्वीकारली गेली नाही. आता मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला देवदासी म्हणून सोडणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो त्यात आला.

इथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला पोलिसांनी छळू नये, तिला सन्मानाने वागवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे. तस्करीविरोध म्हणजे या बायांवर धाडी घालून त्यांची नावे वर्तमानपत्रांत छापणे नव्हे. ज्याने विकले तो दलाल मोकळा आणि जिला विकले ती सुधारगृहात कोंडलेली, असले न्यायदान आम्हाला मान्य नाही.

चौथे रूप देहाच्या तुकड्यांचे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ पासून आहे. तरीही २०१५ च्या अखेरीस अकोल्यात किडनीचे प्रकरण बाहेर आले. कर्ज फेडता न आलेल्या गरिबांना सावकारी पाशातून किडनी विकायला लावले, काहींची शस्त्रक्रिया श्रीलंकेत झाली, असे तपासात पुढे आले. पूर्वी सावकार जमीन लिहून घेत असे, भांडी नेत असे. ज्याच्याकडे जमीन नाही, भांडी नाहीत, त्याच्याकडून काय न्यायचे? तर शरीर.

पाचवे रूप अगदी नवे आहे, आणि ते आमच्या शिकलेल्या पोरांच्या दाराशी आले आहे. 'थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी, राहणे-खाणे मोफत' अशी जाहिरात मोबाइलवर येते. एजंटला पैसे भरून मुलगा बँकॉकला उतरतो. तिथून त्याला सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाड्डी भागात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि बंदूकधाऱ्यांच्या पहाऱ्यात दिवसाचे चौदा-सोळा तास इंटरनेटवरून लोकांना गंडा घालायला बसवतात. नकार दिला तर मारहाण, सुटका हवी असेल तर खंडणी. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांतून थायलंडमधील माए सोत येथून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. ज्याला गुलाम केले त्याच्याच हातून गुन्हा करवून घ्यायचा, म्हणजे तो पोलिसांकडे जायलाही घाबरेल, अशी ही योजना. एजंटची फी भरायला या मुलांच्या घरचे कर्जच काढतात. ऊसतोडीत उचल आधी मिळते आणि इथे उचल आपणच देतो, एवढाच काय तो फरक.

या पाचही रूपांत समान काय आहे? कर्ज, फसवणूक, घरापासून तोडणे आणि कागदपत्रे किंवा हिशेब मालकाच्या ताब्यात असणे. आणि बळी कोण? ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याला बँक दारात उभी करत नाही, ज्याची तक्रार पोलीस पाटलापासून ठाण्यापर्यंत कुणी लिहून घेत नाही. म्हणजे बहुतांशी दलित, आदिवासी, भटके-विमुक्त. या बाजाराला जात दिसत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा मुक्त केलेल्या मजुरांची यादी वाचावी.

कायदा कुठे अडतो?

कायदा नाही काय? आहे, पण त्यात एक भगदाड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीला किमान सात वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे आणि पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे. उत्तम. पण शोषणाच्या व्याख्येत लैंगिक शोषण, गुलामगिरी, दास्य, भीक मागवणे, अवयव काढणे असे शब्द आहेत. 'सक्तीचे श्रम' हे शब्द मात्र नाहीत. २०१३ च्या जुन्या कलम ३७० मध्येही ते नव्हते. संविधानाच्या कलम २३ ने जे दोन शब्द एका ओळीत ठेवले, अपव्यापार आणि बिगार, त्यांची दंडविधानाने ताटातूट केली. सक्तीच्या श्रमासाठी संहितेत वेगळे कलम १४६ आहे आणि त्याची शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष! १९७६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. आज दोन हजार रुपयांत मुकादमाची एक जेवणावळही होत नाही.

म्हणून ठाणेदार काय करतो? वेठबिगार सुटून आला तर 'मजुरीचा वाद आहे, कामगार कार्यालयात जा' म्हणून वाटेला लावतो. नाहीतर मुकादमाच्या अर्जावरून उलट मजुरावरच फसवणुकीची चौकशी लावतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबात २०२२ साली साऱ्या देशात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे होते. एवढ्या अवाढव्य देशात! हा आकडा गुन्हे कमी असल्याचा पुरावा नाही. तो नोंद न करण्याचा पुरावा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुक्त झाल्यावरचीही रड आहे. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत मुक्त वेठबिगार पुरुषाला एक लाख, स्त्री आणि बालकाला दोन लाख, तर तस्करी-लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणात तीन लाख रुपये सांगितले आहेत. पण तातडीची थोडी रक्कम सोडली तर उरलेली मदत आरोपीला शिक्षा होण्याशी जोडली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो. तोवर मुक्त झालेला माणूस खाणार काय? तो पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभा राहतो. पुनर्वसनाशिवाय सुटका म्हणजे मालकाला दिलेली सुटीच होय.

आमचे काय चुकते?

सरकारला दोष देऊन लेख संपवणे सोपे आहे. पण चळवळीतील वाचकांशी बोलताना आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे. ज्याला मुकादम म्हणतात तो पुष्कळदा आपल्याच जातीचा, आपल्याच भावकीतला असतो. कारखान्याला तोच हवा असतो. कारण तो माणसे ओळखतो, नात्याने बांधतो आणि पोलिसांत गेला तर 'घरातला वाद' म्हणून मिटवतो. जयंतीच्या वर्गणीत त्याची पावती मोठी असते आणि मंचावर त्याला खुर्ची असते. आमच्यातील नोकरदारांच्या घरात गावाकडून आणलेली दहा-बारा वर्षांची मुलगी 'शिकायला ठेवली आहे' म्हणून भांडी घासत असेल, तर तिथेही कलम २३ लागू होते. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावल्याने त्यातून सूट मिळत नाही.

आणखी एक चूक. आम्ही कलम १७ तोंडपाठ केले, आरक्षणाची कलमे तोंडपाठ केली. कलम २३ मात्र विसरलो. कारण ज्यांच्यासाठी ते आहे ते लोक हंगामात गावात नसतात, मोर्चाला येऊ शकत नाहीत आणि पुष्कळदा मतदानालाही नाहीत. चळवळ जर गावात राहिलेल्यांचीच झाली, तर ट्रकमध्ये बसून गेलेल्यांचे कोण?

म्हणून काही ठोस कामे आम्ही सुचवतो. पहिले, १९७६ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातीच्या तीन व्यक्ती जिल्हाधिकाऱ्याने, उपविभागात उपविभागीय दंडाधिकाऱ्याने, नेमायच्या असतात. आपल्या जिल्ह्यातील त्या तीन व्यक्ती कोण? समितीची शेवटची बैठक कधी झाली? माहिती अधिकाराच्या एका अर्जात हे कळेल. नावे कागदावरच असतील तर तिथे कार्यकर्ते बसवण्याची मागणी करा.

दुसरे, सुटून आलेल्या मजुराला तहसीलदाराकडे नेऊन मुक्ती प्रमाणपत्राची मागणी करा. त्याला ठामपणे सांगा की वेठबिगारीचे कर्ज कायद्याने संपलेले असते आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आहे. या एका वाक्याने कितीतरी घरांच्या उरावरचा दगड उतरेल.

तिसरे, पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर फिर्यादीत अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावायला लावा. बिगार आणि वेठबिगारी करवून घेणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यातील आर्थिक साहाय्य खटला संपेपर्यंत पूर्णपणे अडून राहत नाही.

चौथे, हंगामाला निघण्यापूर्वी वस्तीतच यादी करा: कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, उचल किती, मुले किती. एक वही पुरे. मुकादमाकडे वही आहे; आमच्याकडे का असू नये? परदेशी नोकरीला निघालेल्या पोराचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हेही त्याच वहीत तपासून लिहा.

महार वतनाच्या वेठीतून सुटायला आमच्या बापजाद्यांना कायदेमंडळापासून गावच्या चावडीपर्यंत तीस वर्षे झगडावे लागले. ती वेठ सुटली म्हणून आज आम्ही लिहितो, वाचतो, भाषणे करतो. ज्यांची अजून सुटली नाही ते ट्रकमधून जाताना आमच्या चौकातील पुतळ्यासमोरूनच जातात. यंदाच्या संविधान दिनी उद्देशिका विहारात वाचून झाली की निदान एक तुकडी उसाच्या फडावर जावो, कोपीत बसो आणि कलम २३ मोठ्याने वाचून दाखवो. ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांच्या कानावर ते अजून पडलेलेच नाही.